‘फकिरा’चं विरचनावादी वाचन करायचं म्हणजे ‘फकिरा’ मोडायचा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते दोघांनाही स्पष्ट राहील. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी गाईडनी अण्णा भाऊ साठेंची ‘फकिरा’ घेऊन तिचं विरचनावादी वाचन (डीकन्स्ट्रक्शन, म्हणजे मजकूर ज्या जोड्यांवर आणि उतरंडींवर उभा आहे त्या त्याच्याच आतून उघड्या करणारं वाचन) करायला सांगितलंय. ही पद्धत मांडणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदावरचे तीनचार लेख वाचून झालेत, द्वंद्व, माग, पुरवणी हे शब्द ओळखीचे झालेत, पण पुस्तक उघडलं की काय करायचं ते सुचत नाही. ही पद्धत फक्त दलित लेखनाच्याच वाट्याला का, असंही विचारलंय. आणि शेवटी तुम्ही एक ओळ घातलीय की आमच्या घरात हे पुस्तक फार मानाने ठेवलेलं आहे, त्यातल्या विसंगती काढायच्या आणि शेवटी ‘कुठलाच अर्थ ठाम नाही’ असं लिहायचं हे मनाला पटत नाही, लाज वाटते. मला वाटतं खरा प्रश्न या शेवटच्या ओळीत आहे. पद्धत शिकता येते हो, पण जे पुस्तक लोकांनी लढताना हातात धरलं त्याच्याशी असं वागायचा आपल्याला हक्क आहे का, हे एकदा मनात सुटलं नाही तर पानापानाला हात अडतो.

मी पुण्यात मराठी शिकवते, समीक्षेचा आणि कादंबरीचा असे दोन्ही पेपर बरीच वर्षं माझ्याकडे आहेत, शिवाय रविवारी नारायण पेठेत आमचा एक छोटा वाचनगट बसतो तिथे सामाजिक-राजकीय कादंबऱ्या आम्ही अक्षरशः ओळ ओळ वाचतो. त्या अनुभवावरून सांगते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधी बोलून घेऊ. तुमच्या गाईडना सिद्धान्ताचं प्रकरण किती मोठं हवंय ते त्यांनाच विचारा, काही जणांना अर्धा प्रबंध देरिदावर हवा असतो, काहींना पाच पानं पुरतात. माझं मत पाच पानांच्या बाजूचं आहे. दुसरं म्हणजे सगळ्याच कादंबऱ्या या वाचनाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. जिथे लेखकाने खरंच काहीतरी पणाला लावलंय तिथे वाचायला जागा मिळते, निव्वळ प्रचारासाठी लिहिलेल्या पुस्तकात तुम्ही पहिल्या दहा पानातच तळाला पोचता आणि पुढे तेच तेच निघतं. ‘फकिरा’ पहिल्या प्रकारातली आहे, त्यामुळे निवड उत्तम आहे. तिसरं, वाचणारा कुठे उभा आहे यावरही बरंच अवलंबून असतं, त्याच्याकडे पुढे येते.

आता मोडतोडीची भीती. विरचना म्हणजे बाहेरून हातोडा आणून पुस्तकावर मारणं, हा समज इतका पसरलाय की विद्यार्थी पहिल्या पानापासून चुका शोधायला लागतात. देरिदाने १९६७च्या ‘ऑफ ग्रामॅटॉलॉजी’मध्ये (गायत्री स्पिवाक यांचं इंग्रजी भाषांतर १९७६ला आलं, आपल्याकडे बहुतेकांनी तेच वाचलेलं असतं) पद्धतीबद्दल बोलताना स्वच्छ म्हटलंय की आधी मजकूर जे सांगू पाहतोय ते आदराने, नीट, पुन्हा मांडता आलं पाहिजे, हा कठडा नसेल तर वाचन कुठेही भरकटेल आणि काहीही म्हणता येईल. तेवढ्याने भागत नाही, कठडा वाट उघडून देत नाही, हेही तो तिथेच म्हणतो, पण आधी कठडा. म्हणून माझ्याकडे कुणी असा विषय घेऊन आलं की मी पहिलं काम तेच देते, सिद्धान्त बाजूला ठेव आणि ही कादंबरी कुणाच्या बाजूने उभी आहे, काय मागतेय, कशाचा धिक्कार करतेय हे तिच्या एखाद्या प्रेमी वाचकालाही मान्य होईल अशा शब्दात लिहून आण. तुमच्या घरी जे लोक हे पुस्तक मानतात त्यांना ती पानं वाचून दाखवा. त्यांनी मान डोलावली तर पुढे जायचा परवाना मिळाला असं समजा.

‘फकिरा’पुरतं हे मांडणं अवघड नाही. १९५९ची कादंबरी, प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, अर्पणपत्रिका बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला. वाटेगावचे मांग, गावकुसाबाहेरची वस्ती, दुष्काळ, इंग्रजांचा अंमल. माणसं उपाशी मरायला लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिना लुटतो, सरकार त्याची माणसं अडकवून ठेवतं आणि त्यांच्यासाठी तो स्वतःहून हजर होतो. कादंबरीची मागणी सरळ आहे, ज्याला तुम्ही गुन्हेगार म्हणता तोच इथे न्यायाने वागतोय आणि ज्याला कायदा म्हणता तोच इथे माणसं मारतोय.

म्हणजे कादंबरीने स्वतःच एक उतरंड उलटी केलीय. कायदा वर आणि गुन्हा खाली, ती तिने फिरवली. अण्णा भाऊंनी हे भाषणातही केलंय, १९५८ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं तेव्हा उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले की ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नाही, ती दलित-कामगारांच्या तळहातावर तरलेली आहे. वरचं खाली, खालचं वर. इथे बरेच विद्यार्थी घाई करतात, म्हणतात की उलटवणं म्हणजे परत उतरंडच झाली की, मग दोन्ही सारखंच. असं अजिबात लिहू नका. ‘पोझिशन्स’ नावाने देरिदाच्या मुलाखतींचं पुस्तक १९७२ला आलं, त्यात तो याच मुद्द्यावर थांबतो. दोन गोष्टींपैकी एक दुसरीच्या डोक्यावर बसलेली असते तेव्हा आधी ती खाली ओढावीच लागते, ही पायरी गाळून जो थेट ‘दोन्हींच्या पलीकडे’ जातो तो खरं म्हणजे जे चाललंय ते तसंच चालू देतो. सामाजिक कादंबरी वाचणाऱ्याने हे वाक्य टेबलासमोर लावून ठेवावं इतकं मला ते महत्त्वाचं वाटतं. पुण्यातल्या चर्चासत्रांमध्ये मी कितीतरी वेळा ऐकलंय की ‘विरचनेनुसार शोषक आणि शोषित ही विभागणीच कोसळते’, आणि ऐकून बरं वाटणारी माणसं बहुतेकदा ती असतात ज्यांना त्या विभागणीचा त्रास कधी झालेला नाही.

तर उलटवणं मान्य, आदराने मान्य. पुढचा प्रश्न असा विचारायचा की हे उलटवणं कशाच्या जोरावर उभं राहिलंय? आता मजकुराकडे चला.

सुरुवातीला फकिराचा बाप राणोजी आहे. शेजारच्या गावाची जोगणी (जत्रेच्या मानाची खूण) आणली की जत्रेचा मान आपल्या गावाला मिळतो, आणि ती आणायला जातो राणोजी मांग, ज्याचं घर गावकुसाच्या बाहेर आहे. त्यात त्याचा जीव जातो. मान गावाला मिळतो. जरा थांबून बघा इथे काय झालंय. गावाच्या ‘आत’चं जे सगळ्यात आतलं आहे, त्याची जत्रा, त्याची इज्जत, ती ‘बाहेर’च्या माणसाने आणून दिलीय. गाव ज्याला कुसाबाहेर ठेवतं त्याच्याशिवाय गावाला गावपण येत नाही. हे मी बाहेरून घातलेलं नाही, ही कादंबरीची पहिली मोठी घटना आहे, अण्णा भाऊंनीच तिथे ठेवलीय. विरचना कुणी आधी केली असेल तर ती कादंबरीने केलीय, गावाची केलीय, आपण फक्त ते ओळखायचं आणि त्याला शब्द द्यायचे. मला वाटतं तुमच्या मनातली अर्धी बोच इथेच कमी व्हावी.

आता दुसरी बाजू. त्या घराण्याकडे एक तलवार आहे, पूर्वजाला शिवाजी महाराजांच्या काळात मिळालेली, आणि ती साधी वस्तू म्हणून येत नाही, फकिराच्या शौर्याची ती साक्ष आहे, आम्ही दरोडेखोर नाही, आम्हाला इतिहास आहे, असं ती सांगते. आणि गावात विष्णुपंत कुलकर्णी आहेत, उच्चवर्णीय, अधिकाराच्या जागेवरचे, जे मांगांच्या बाजूने उभे राहतात. आता दुष्काळाचा भाग वाचताना स्वतःला विचारा, उपाशी माणसाने धान्य घेतलं हे योग्य ठरायला भूक पुरेशी होती की नाही? भुकेला वंशावळ लागत नाही. पण कादंबरी भुकेवर थांबत नाही, ती भुकेला तलवार जोडते, घराण्याचा वारसा जोडते, भल्या कुलकर्ण्यांचा पाठिंबा जोडते.

देरिदाचा पुरवणीचा मुद्दा तुम्ही लेखांमध्ये वाचलाय पण तो कुठे लावायचा कळत नाही म्हणालात, तो इथे लावायचा. परीक्षेत उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडतो ना आपण, ती वरकड असते, जादाची, पण जोडावी लागली याचा अर्थ मूळ उत्तरपत्रिकेत जागा कमी पडली, आणि एकदा दोरा बांधला की तपासणारा तिच्याशिवाय उत्तर पूर्ण मानत नाही. तलवार तशी आहे. ती भुकेच्या दाव्याला नुसती शोभा म्हणून आलेली दिसते, पण एकदा आली की कळतं, भुकेचा दावा त्या काळात एकट्याने ऐकून घेतला जाणार नव्हता. ज्या समाजात माणसाची किंमत पूर्वजांवरून ठरते तिथे मांगाच्या भुकेलाही पूर्वज दाखवावा लागतो. आणि तो पूर्वजही राजदरबारातून मान मिळालेला असावा लागतो, म्हणजे ज्या वारशाच्या हिशोबाने त्याला कुसाबाहेर ठेवलं त्याच हिशोबाचं नाणं त्याला वापरावं लागतं.

याला लेखकाची विसंगती म्हणून निकाल देऊ नका. ‘अण्णा भाऊ क्रांतिकारक म्हणवतात पण शेवटी सरंजामी मूल्यांना शरण जातात’ असं वाक्य लिहिलंत तर ते देरिदाचं नाव घेऊन केलेली जुनीच झडती होईल. लेखकाला पकडणं हे या वाचनाचं काम नाहीच. मजकुराला ज्या भाषेत बोलावं लागलं त्या भाषेत काय काय आधीपासून बसलेलं होतं, आणि त्या भाषेतूनच बोलत असताना त्याने तिला कुठे ताण दिला, हे बघायचं. तलवारीचा प्रत्येक उल्लेख आणि भुकेचा प्रत्येक उल्लेख पानांसकट वेगवेगळ्या रकान्यात लिहून काढा. कुठे दोन्ही एकत्र येतात, कुठे भूक एकटी बोलते, ते डोळ्यासमोर आलं की तुमचं प्रकरण जवळजवळ तयार असेल. माझ्या मते ज्या जागी भूक एकटी बोलते त्या कादंबरीतल्या सगळ्यात धाडसी जागा आहेत, आणि समीक्षेने त्यांच्याकडे तलवारीपेक्षा फार कमी लक्ष दिलंय.

यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती हजेरी. सरकार मांगांवर हजेरी बसवतं हे कथानकात आहे, आणि बाहेरच्या इतिहासात १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आहे, जो १९११च्या कायद्याने सगळीकडे लागू करता आला आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ला गेला. त्या कायद्याचं मुख्य हत्यार होतं रजिस्टर. विशिष्ट जमातीत जन्मलात की नाव नोंदवायचं, मग ठरल्या वेळी हजर राहायचं, गुन्हा केला असो नसो. म्हणजे गुन्हा आधी आणि नोंद नंतर असा क्रम नाहीच, नोंद झाली की माणूस गुन्हेगार. कायदा आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत, कायद्याच्या वहीतच गुन्हेगार तयार होतो. आता हे ज्या वर्गात शिकवते तिथे मुलं लगेच म्हणतात की इंग्रज वाईट होते. बरोबर, होतेच, आणि कादंबरीही तेच म्हणते. पण पुढे एक पाऊल टाका.

‘ऑफ ग्रामॅटॉलॉजी’मध्येच मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉसवर एक प्रकरण आहे. ब्राझीलमधल्या नांबिक्वारा लोकांमध्ये लेव्ही-स्ट्रॉस राहिला होता, त्याने १९५५च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की या लोकांना लिहिणं माहीत नव्हतं, मग त्यांच्या म्होरक्याने त्याचं बघून कागदावर नागमोडी रेघा ओढल्या आणि आपल्या माणसांसमोर वाचायचं सोंग केलं, आणि त्यावरून त्याने म्हटलं की लेखन हे माणसाला गुलाम करायच्या कामी येतं, जणू त्याआधी तिथे निरागस जग होतं. देरिदा त्याचाच मजकूर परत वाचून दाखवतो की त्या लोकांत नावं उच्चारण्यावर बंदी होती, भांडणं होती, म्हणजे नाव देणं, वर्ग पाडणं, कुणाला कुठे बसवायचं ठरवणं ही हिंसा कागद यायच्या आधीच चालू होती. लिहिणं बाहेरून येऊन बिघाड करत नाही.

आता परत वाटेगावला या. सरकारची वही यायच्या आधी तिथे गावकूस होतंच. कुणाचं घर आत, कुणाचं बाहेर, हे कुठल्या रजिस्टरात न लिहिताही प्रत्येकाला पाठ होतं. जन्मावरून माणसाची जागा ठरवायची युक्ती इंग्रजाने शोधली नाही, त्याने ती सापडली तशी उचलून छापील फॉर्ममध्ये बसवली. कादंबरी मात्र राग मुख्यतः सरकारवर रोखते, शंकरराव पाटील, विष्णुपंत ही गावातली माणसं भली आहेत आणि त्यांच्यामुळे गाव हे एकेकाळी बरं चाललेलं घर वाटायला लागतं. मग राणोजीचं घर बाहेर का होतं? हा प्रश्न कादंबरी मोठ्याने विचारत नाही, पण तिच्या पहिल्या घटनेने तो पेरून ठेवलाय. तुमच्या प्रबंधाचा कणा मला इथे दिसतो: हजेरीची वही आणि गावकूस यांच्यात कादंबरी जी रेघ ओढते ती कुठे टिकते आणि कुठे पुसट होते. याच्या जोडीला विभावरी शिरूरकरांची १९५०ची ‘बळी’ जरूर वाचा, गुन्हेगार म्हणून ठरवलेल्या लोकांची तारेच्या आतली वसाहत तिच्यात आहे, लिहिणारी बाई त्या समाजाबाहेरची, म्हणून तुलना फार बोलकी होते.

आणि अर्पणपत्रिका. पुस्तक एका लेखणीला वाहिलंय आणि नायकाच्या हातात तलवार आहे. अर्पणपत्रिका पुस्तकाच्या आत धरायची की बाहेर? बहुतेक प्रबंधात ती प्रास्ताविकात एका ओळीत संपते. मी तिला आत आणून वाचेन. फकिराच्या जगात लेखणी सरकारच्या हातात आहे, ती हजेरी लिहिते. अर्पणपत्रिकेतली लेखणी दुसऱ्या हातात गेलीय. ज्यांची नावं वहीत ‘गुन्हेगार’ म्हणून चढली त्यांची नावं अण्णा भाऊ दुसऱ्या वहीत लिहितायत, जिचं नाव कादंबरी. दोन्हीकडे नावं लिहिणंच आहे, म्हणून लेखणी चांगली की वाईट असं एकदाच ठरवून टाकता येत नाही. तलवार गेली आणि लेखणी आली अशी सरळ प्रगतीची गोष्टही मग सांगता येत नाही.

इथपर्यंतचं पटकन जुळवून घेते: गावाची इज्जत बाहेरचा माणूस आणतो, बाहेरच्या माणसाच्या बंडाला गावाच्या हिशोबातली साक्ष लागते, कायदा वहीत गुन्हेगार बनवतो पण वहीच्या आधी कूस होतं, आणि या सगळ्याचा लेखाजोखा शेवटी पुन्हा लेखणीच मांडते. या चारही जागा पुस्तकातल्या आहेत.

‘मग शेवटी अर्थच नाही असं लिहायचं का?’ नाही. ‘मजकुराबाहेर काही नाही’ असं देरिदाचं वाक्य म्हणून जे फिरतं त्याचा अर्थ लोक असा लावतात की बाहेर जग नाही, दुष्काळ नाही, पोलीस नाही, सगळा शब्दांचा खेळ. त्याला म्हणायचंय ते बरंचसं उलट आहे, की संदर्भातून सुटलेली अशी कुठलीही गोष्ट आपल्याला मिळत नाही, जगही आपल्याला नोंदी, नावं, कायदे, आठवणी यांच्यातूनच मिळतं. वहीत नाव असलं की माणसाला रात्री घर सोडता येत नाही, यापेक्षा जास्त ‘खरं’ काय असणार.

याचं पुण्याच्या घरातलं एक उदाहरण देते, कारण तुम्ही विचारलंय की ही पद्धत फक्त दलित लेखनाच्याच वाट्याला का. अगदी रास्त शंका आहे, आणि माझं ठाम मत आहे की ज्याने ही पद्धत ‘फकिरा’वर वापरली त्याने ती सुधारकांच्या कादंबरीवर तेवढ्याच कडकपणे वापरून दाखवली पाहिजे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ घ्या. १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः, १८९३ला पुस्तक. यमू आपली कहाणी स्वतः लिहितेय असा घाट आहे, नवरा रघुनाथ सुधारक, तो तिला शिकवतो, तो जातो, आणि मग विधवा यमूचं जबरदस्तीने केशवपन होतं. वाचताना आजही गळा दाटतो. आमच्या गटात कुणीतरी हमखास म्हणतं की पुरुषाने लिहिलेला बाईचा आवाज, म्हणजे नकली. मला हा आक्षेप अपुरा वाटतो. बघायला हवं ते असं की तोंडाने जे बोलायची सोय नव्हती ते यमू लिहून सांगते, आणि लिहायची ताकद तिला नवऱ्याने दिलीय, म्हणजे बाईच्या मुक्तीचा आवाज ज्या हातातून येतो तो हात परत घरच्या कर्त्या पुरुषाचा, फक्त भल्या. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ याच पुण्यात १८८२ला छापलं गेलं होतं, त्यात असा मधला भला हात नाही, आणि तिची भाषा केवढी वेगळी आहे ते शेजारी ठेवून वाचलं की लगेच कळतं.

आणि वस्तरा. केशवपनाचा प्रसंग आपण यमूच्या बाजूने भोगतो, भोगायलाच हवा, पण वस्तरा धरणारा माणूस तिथे निव्वळ हात आहे. १८९०मध्येच मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन विधवांची डोकी भादरणार नाही असं ठरवलं होतं, सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. म्हणजे ज्या सुमारास ‘करमणूक’मध्ये ही कथा येत होती त्या सुमारास बाहेर तो ‘हात’ नकार देत होता. कादंबरीत ते नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, पण तिची करुणा घराच्या भिंतीपाशी का थांबते हे विचारता येतं, आणि जात आणि बाईपण या दोन प्रश्नांना वेगळं ठेवायची जी सवय पुढे मराठी कादंबरीला लागली ती इथे दिसते. निव्वळ राजकीय कादंबरीतही हे होतं, अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मध्ये पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचा बाहेरून बघणारा साक्षीदार वाटतो, पण त्याची बातमी हीच त्या खेळातली एक चाल असते. ते तुम्ही सवडीने बघा.

आता वाचणारा कुठे उभा आहे त्याबद्दल. बंगाली लेखिका महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ ही कथा स्पिवाकनी १९८१ला इंग्रजीत आणली. त्यात सेनानायक नावाचा अधिकारी आहे, शत्रूला हरवायचं तर आधी त्याला आतून समजून घ्यायचं असं मानणारा, वाचलेला, सुसंस्कृत. स्पिवाक प्रस्तावनेत म्हणतात की हा माणूस म्हणजे आपणच, तिसऱ्या जगाचा शोध घेत फिरणारे पहिल्या जगातले अभ्यासक. माझ्यासारख्या पेठेतल्या वाचकाला हे फार जवळून लागतं. दुसऱ्याच्या दुःखाचा मजकूर आपल्याला फार छान समजला, त्याच्या आतल्या भेगाही दिसल्या, असं वाटायला लागतं त्या क्षणी मी वही मिटते आणि विचारते की या वाचनाने कुणाचं ओझं हललं. तुमची जागा वेगळी आहे. तुम्ही त्या पुस्तकाच्या घरातले आहात, तुम्हाला जे प्रश्न पडतील ते मला पडणारच नाहीत. लाज वाटते म्हणालात, तिचाच उपयोग करा. ज्या परिच्छेदापाशी लाज वाटते तिथे खूण करा, बहुतेक वेळा तिथेच मजकूर स्वतःशी झगडत असतो. आदर आणि प्रश्न यांच्यात निवड करायची वेळ येत नाही, अण्णा भाऊंनी खुद्द शेषनागाला प्रश्न विचारला होता.

एक आक्षेप तोंडी परीक्षेत येईल म्हणून सांगून ठेवते. पॉल द मान हा या पंथातला मोठा समीक्षक, तो वारल्यावर १९८७ला उघड झालं की दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममध्ये असताना त्याने नाझींच्या ताब्यातल्या वृत्तपत्रात लेख लिहिले होते, त्यातला एक ज्यूंविरुद्ध. तेव्हापासून म्हटलं जातं की ही पद्धत म्हणजे जबाबदारी टाळायची सोय. आक्षेप झटकू नका. असा वापर होऊ शकतो हे कबूल करा आणि मग आपल्या प्रबंधात दाखवा की तुम्ही केलेल्या वाचनानंतर हजेरीच्या वहीची जबाबदारी कमी झालेली नाही, उलट ती सरकारबरोबर गावाच्याही नावावर चढलीय.

दुसरा प्रश्न हमखास येईल, ‘मग तुमच्या मते फकिरा बरोबर की चूक?’ गोंधळू नका, बरोबर म्हणा. उपाशी माणसांसाठी त्याने धान्य घेतलं ते बरोबर. तुमचा प्रबंध विचारतोय की हे बरोबर आहे एवढं ठरायला त्याला तलवार, वारसा आणि कुलकर्णी इतकं सगळं का दाखवावं लागलं.

कामाचा क्रम म्हणाल तर सिद्धान्ताचं प्रकरण आधी लिहायला बसू नका, महिना त्यातच जाईल. हजेरीवरची दहा पानं आधी लिहा, त्यात देरिदाचं नाव एकदाही आलं नाही तरी चालेल, ती गाईडना दाखवा, आणि मग त्या दहा पानात तुम्ही जे केलंय ते समजवायला जेवढा सिद्धान्त लागेल तेवढाच मागे जाऊन लिहा. ‘फकिरा’च्या बऱ्याच आवृत्त्या बाजारात आहेत, अप्पा बळवंत चौकात एकाच दुकानात वेगवेगळ्या मिळतात आणि पानांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून एकच प्रत धरा आणि आवृत्तीचं वर्ष पहिल्या तळटीपेत लिहून टाका. प्रस्तावना आणि अर्पणपत्रिका तुमच्या प्रतीत दोन्ही आहेत ना ते विकत घ्यायच्या आधी उघडून बघा.